दोन दिवसांत न उगवणारा जिवाणू

बेडक्याचं कल्चर लावलं, म्हणजे त्यातले जिवाणू पोषक थर असलेल्या बशीत (प्लेटमध्ये) वाढू दिले, की नेहमीचे जिवाणू एक-दोन दिवसांत उगवतात. काही उगवलं नाही तर प्लेट टाकून दिली जाते. नोकार्डिया नावाचा जिवाणू नेमका इथेच निसटतो. त्याच्या वसाहती दिसायला कधी 3 दिवस लागतात, कधी 2 आठवडे. दिसल्या की मात्र लक्षात राहतात: सुरकुतलेल्या, वर खडूची भुकटी भुरभुरल्यासारख्या, ओल्या मातीच्या वासाच्या. (हुंगून बघायचा मोह मात्र टाळायचा, ते धोक्याचं आहे.)

माती हे त्याचं घर. फ्रेंच पशुवैद्य एदमों नोकार यांनी 1888 मध्ये गुरांच्या आजारात तो शोधला. धुळीबरोबर तो धडधाकट माणसाच्या छातीत गेला तरी सहसा काही बिघडत नाही. पण अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती खचलेली असेल, तर तो फुप्फुसात ठाण मांडतो आणि रक्तावाटे मेंदूत जाऊन गळू करतो. ताप, खोकला, घटतं वजन ही लक्षणं क्षयाचीच वाटतात. कितीतरी रुग्ण आधी क्षयाच्या गोळ्या घेत राहतात, आणि त्यात गेलेला वेळ फार महागात पडतो.

को-ट्रायमोक्साझोल हे यावरचं जुनं, भरवशाचं औषध. पण नोकार्डियाच्या जातीगणिक हिशेब बदलतो. फार्सिनिका ही जात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद देत नाही, ब्राझिलिएन्सिसवर इमिपेनेम बहुधा चालत नाही. लिनेझोलिड मात्र जवळपास सगळ्यांवर चालतं. म्हणून जात ओळखणं आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालतं ते) पाहणं, दोन्ही हवं. सेन्सिटिव्हिटीची चाचणी नाजूक आहे. छोट्या खळग्यांत औषध निम्मं-निम्मं पातळ करत नेतात, त्यात जिवाणू सोडतात आणि 3 ते 5 दिवसांनी वाचतात. सल्फा औषधाच्या (को-ट्रायमोक्साझोल त्यातलंच) खळग्यांत वाढ एकदम थांबत नाही, हळूहळू विरत जाते. ती सुमारे 80 टक्के घटली की तिथे रेघ मारायची, म्हणजे तेवढ्या मात्रेला औषध चाललं असं धरायचं. पूर्ण स्वच्छ खळगा शोधत बसलं, तर चालणारं औषधही अहवालात ‘निकामी’ ठरतं.

मातीतल्या जिवाणूंचा हा चिवटपणा आपल्या औषधांहून जुना आहे. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध सापडलं तेही मातीतल्याच जिवाणूत. अशा शेजाऱ्यांत राहायचं तर बचाव हवाच. स्टेनोट्रोफोमोनास या मातीतल्या दुसऱ्या रहिवाशाकडे कार्बापेनेमसारखी (इमिपेनेम याच गटातलं) जबर औषधं फोडणारं विकर (एन्झाइम) जन्मजातच असतं.

नोकार्डियाचे उपचार बहुधा 6 ते 12 महिने चालतात. त्यांची सुरुवात अनेकदा एका ओळीवर अडते: डॉक्टरांनी तपासणीच्या फॉर्मवर ‘नोकार्डियाची शंका’ असं लिहिलं, तर प्रयोगशाळा ती प्लेट 2-3 आठवडे जपून ठेवते.