इराकसाठीची झुंज आणि चांदीचे दिरहम

683 साली उमय्यद घराण्याचा खलिफा यझीद वारला आणि त्यांची राजधानी दमास्कसची पकड सुटली. मक्केत अब्दुल्ला इब्न अल-झुबैर यांनी स्वतःची खिलाफत जाहीर केली. दोन्ही बाजूंचा डोळा इराकवर होता, कारण कूफा आणि बसरा या छावणी-शहरांत फौजा होत्या आणि त्या पोसणारा महसूलही तिथलाच. 686 मध्ये मोसुलजवळ खाझिर नदीकाठी उमय्यद सैन्याचा धुव्वा उडाला. तो उडवला तिसऱ्याच गटाने, कूफा बळकावलेल्या मुख्तारच्या फौजेने. पुढच्याच वर्षी इब्न अल-झुबैरांचा भाऊ मुसअब याने मुख्तारला संपवलं.

हे सांगणारे अरबी ग्रंथ बरेच नंतरचे. त्याच वर्षीचा पुरावा हवा असेल तर नाणीच हाती घ्यावी लागतात. सुमारे 4 ग्रॅमचा पातळ दिरहम. त्यावर चक्क इराणी सम्राट खुस्रोचा मुकुटधारी चेहरा, मागे अग्निवेदी आणि दोन रक्षक. चेहऱ्यासमोर पहलवी या जुन्या इराणी लिपीत सत्ताधाऱ्याचं नाव, वेदीच्या एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला टांकसाळीची आद्याक्षरं. म्हणजे कोणत्या साली कोणतं शहर कोणाकडे, याची नोंद धातूतच!

पण वर्ष कोणतं? तिथे तीन कालगणना चालत होत्या. '53' हा आकडा हिजरी धरला तर 673 च्या आसपास, शेवटचा सासानी इराणी सम्राट यझ्दगर्द याच्या राज्यारोहणापासून मोजला तर 684-85, त्याच्या मृत्यूपासून मोजला तर थेट आठव्या शतकाचा आरंभ. नाव, टांकसाळ आणि वर्ष यांचा मेळ बसेल तीच गणना खरी. हा ताळा जमला की नकाशा उलगडतो. दोन्ही खलिफांना न मानणाऱ्या खारिजी पंथाचा बंडखोर नेता कतरी याच्या नाण्यांवर तर त्यांची घोषणाच आहे: 'निवाडा फक्त अल्लाहचा.'

याच खारिजींनी मुसअबचा सर्वांत कसलेला सेनापती मुहल्लब अडकवून ठेवला होता. 691 मध्ये उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक इराकमधल्या मस्किनला चालून आला तो आधी इराकी सरदारांना गुप्त पत्रं धाडून. मुसअबचा सेनानी इब्राहिम इब्न अल-अश्तरने आपलं पत्र सीलबंदच मुसअबला दिलं आणि इतर सरदारांचा बंदोबस्त करायला सांगितलं. मुसअबने ऐकलं नाही. रणांगणात सरदार फिरले. इब्राहिम पडला, मुसअबही. मला हा पराभव लढाईपेक्षा पत्रांनीच घडवलेला वाटतो.

इराक उमय्यदांचा झाला. मात्र 'मुहम्मद अल्लाहचे प्रेषित' हे शब्द नाण्यावर आधी उमटले ते बिशापूरच्या टांकसाळीत, हिजरी 66 मध्ये, झुबैरी पक्षाच्या सुभेदाराच्या नावाने. पुढे अब्द अल-मलिकने नाण्यांवरून खुस्रोचा चेहरा काढून टाकला आणि हरलेल्या पक्षाची हीच घोषणा साऱ्या साम्राज्याच्या चांदीवर आणली.