खेळण्यातले सैनिक : गणवेशांतर आणि कवटीचिन्ह

खेळण्यातल्या तयार सैनिकाला किंवा बाहुलीला इतिहासातल्या एखाद्या ठरावीक पलटणीचा गणवेश देऊन तिचे रूप पालटण्याचा छंद. छंदिष्टांच्या बोलण्यात याला ‘कस्टमायझिंग’ किंवा ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. टोपीवर कवटी आणि हाडे मिरवणाऱ्या पलटणींना यात फार मागणी असते. काळ्या डगल्यावरची चांदीची कवटी नजरेत भरते हे खरे, पण तेवढ्यावर भुलून चालत नाही. प्रत्येक कवटीला तिचे साल आहे, तिची पलटण आहे, आणि ती चुकली की सैनिकच चुकतो.

आकृतीचे माप आधी ठरवावे लागते. ब्रिटनमधील विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतीव शिशाचे सैनिक आणले आणि ५४ मिमी उंची रूढ झाली. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत आलेल्या जी. आय. जो या फूटभर उंचीच्या बाहुल्याला खरे कापडी कपडे शिवता येऊ लागले. १९७८ पासूनची लेगोची जेमतेम ४ सेंमीची मिनिफिगर ही आज अनेकांची पहिली पायरी असते.

प्रशियात फ्रेडरिक द ग्रेटच्या काळात, १७४१ मध्ये उभारलेल्या पाचव्या हुस्सार (हलके घोडदळ) रेजिमेंटच्या घोडेस्वारांच्या उंच टोपीवर कवटी होती. ब्रिटनमधील सतराव्या लान्सर्सची (भालाधारी घोडदळाची) कवटी शोकाची आहे. क्वेबेकच्या लढाईत ब्रिटिश सेनापती जनरल वुल्फ पडला, त्याच्या स्मरणार्थ कर्नल जॉन हेल याने १७५९ मध्ये उभारलेल्या पलटणीला हे चिन्ह दिले. कवटीखालच्या फितीवर ‘ऑर ग्लोरी’ हे शब्द असतात. म्हणजे ‘मृत्यू किंवा कीर्ती’ यातला मृत्यू चित्रात आणि कीर्ती अक्षरांत! जर्मनीतील ब्रन्सविकचा ड्यूक फ्रेडरिक विल्यम याने १८०९ मध्ये नेपोलियनविरुद्ध उभे केलेले सैन्य काळ्या गणवेशामुळे ‘ब्लॅक ब्रन्सविकर्स’ म्हणून ओळखले गेले. तो स्वतः १६ जून १८१५ रोजी बेल्जियममधील कात्र ब्रा येथील लढाईत मारला गेला.

नाझी पक्षाच्या एसएस या सशस्त्र संघटनेची कवटी मात्र या रांगेत बसवता येत नाही. छळछावण्यांवर पहारा करणाऱ्या तुकड्यांचे नावच कवटीवरून पडले होते. एसएसने १९३४ मध्ये खालचा जबडा असलेली नवी कवटी घेतली, तर जर्मन रणगाडा दळाच्या काळ्या गणवेशाच्या कॉलरवर जुन्या हुस्सारी वळणाची, जबडा नसलेली कवटी होती. काळा कोट दिसला की एसएस समजायचे, ही नवख्यांची हमखास चूक. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हांच्या जाहीर वापरावर बंदी आहे. कला, संशोधन आणि इतिहासशिक्षण यांना सवलत आहे. अशी आकृती केलीच, तर तिच्या तळपट्टीवर तुकडीचे नाव आणि तिचे काम स्पष्ट लिहिलेले असावे. नुसती रुबाबदार म्हणून ती कपाटात उभी करणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

कामाची खरी परीक्षा कवटीपाशीच होते. हुस्सारच्या छातीवरच्या आडव्या गोंड्यांच्या दोऱ्या इपॉक्सी पुट्टीच्या (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या लगद्याच्या) केसाएवढ्या वळ्यांनी करता येतात. खांद्यावरून लटकणारा फरच्या काठाचा आखूड कोटही पुट्टीतून उठवता येतो. पण ५४ मिमीच्या आकृतीवर प्रत्यक्षातला ४ सेंमीचा बिल्ला सव्वा मिलिमीटरचा होतो. तेवढ्या जागेत आधी राखी ठिपका, मग डोळ्यांची दोन काळी टिंबे. ती एका रेषेत नसली, तर कवटी हसू लागते. मिनिफिगरच्या सपाट छातीवर पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल, म्हणजे पातळ छापील चित्र, वापरतात. घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर कवटीभोवतीचा काळा भाग छापतात आणि कवटी कोरी सोडतात. तो काळा आणि प्लॅस्टिकचा काळा क्वचितच जुळतात, तेव्हा कडा ब्रशने मिळवून घ्याव्या लागतात.

निव्वळ काळ्या रंगात कापडाच्या चुण्या बुडून जातात. म्हणून उंचवट्यांवर निळसर राखी छटा देतात, त्यावर मॅट (बिनचकाकीचे) वॉर्निश मारतात. मॅट वॉर्निशखाली चांदीचा रंग मेलेला दिसतो; त्यामुळे कवटी सगळ्यात शेवटी, वॉर्निश वाळल्यावर रंगवतात.