हाताला गुण येतो कुठून?

नाशिकमध्ये ऑपरेशन ठरलं की घरात आधी फोनाफोनी सुरू होते. डॉक्टर कुठल्या कॉलेजात शिकला, हे सहसा कुणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो : ‘त्यांच्या हाताला गुण आहे ना?’ मग कुणाच्या मेव्हण्याचा हर्निया निघतो, कुणाच्या सासूबाईंच्या पित्ताशयातले खडे निघतात. ‘तिसऱ्या दिवशी घरी, टाके शोधावे लागतात’ असे दोन-तीन दाखले जमले की तारीख घ्यायची.

गंमत अशी की हे गुणवान हात तयार करणाऱ्या शिक्षणाचं राज्याचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याआधी इथली वैद्यकीय कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आता राज्यभरातल्या जोडलेल्या कॉलेजांत एमबीबीएसपासून एमएसपर्यंत, बीएएमएसपासून बीएस्सी नर्सिंगपर्यंत सगळ्यांच्या परीक्षांचा कारभार इथून चालतो. कोण किती मार्कांनी सर्जन झाला, हे दिंडोरी रोडला माहीत असतं. त्या सर्जनने कापलेला पेशंट महिन्याने कसा आहे, हे मात्र कुठल्या तरी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. केसपेपर सापडला तर.

या दोन वह्या, एक मार्कांची आणि एक पेशंटांची, शेजारी ठेवून वाचायचा उद्योग जगात शंभरेक वर्षं चालू आहे.

सराव हवा, हे कळायला मात्र शंभर वर्षं लागली नाहीत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, ‘योग्यासूत्रीय’, हा अख्खा सरावावरच आहे. कापायचा सराव कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर. शीर वेधायचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. शिवायचा जाड कापडावर, पट्टी बांधायचा माणसाच्या पुतळ्यावर. आणि वर ठणकावून सांगितलंय, की कितीही शिकलेला असो, ज्याने सराव केला नाही तो कामाला अयोग्यच. आजचा रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत एमएस शिकणारा डॉक्टर, रात्री ड्यूटी रूममध्ये खुर्चीच्या पाठीला रेशमाचा धागा अडकवून एका हाताने गाठी मारत बसतो, ती हीच योग्या, म्हणजे सराव.

नाशिककरांसाठी एक आडवळण. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाचं नाव नासिक, ही कथा लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. कापलेलं नाक परत बसवण्याची नोंद मात्र पुण्याकडची आहे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका कुंभाराने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक घडवलं, ते पसरून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात ही हकीगत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली तिकडे असं ऑपरेशन केलं. त्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तो कुणाकडून शिकला, किती नाकं केली, किती कुजली, तेही नाही.

‘किती कुजली’ हा प्रश्न छातीठोकपणे विचारणारा माणूस म्हणजे बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. तो येईपर्यंत अमेरिकेत सर्जन घडवायची रीत बसली होती. जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉलस्टेडने १८८९ नंतर जर्मन धर्तीवर रेसिडेन्सी सुरू केली : हॉस्पिटलातच राहायचं, वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचं, हळूहळू सुरी हातात घ्यायची. आपल्याकडचा एमएस रेसिडेंट आजही जवळपास तसंच जगतो. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा तपासल्या आणि कित्येकांना टाळं लागायची वेळ आणली. पण तपासलं काय? प्रयोगशाळा, शिक्षक, प्रवेशाची अट. पेशंट बरा होतो का, हा त्यातला निकष नव्हता.

कॉडमनचं म्हणणं बाळबोध होतं. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करा. काय झालं होतं, काय केलं, वर्षभराने कसा आहे, आणि बरा नसेल तर का, एवढं त्यावर लिहा. चूक कौशल्याची होती, निर्णयाची होती, की आजारच हाताबाहेरचा होता? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात बढती ज्येष्ठतेवर मिळायची. ती निकालावर द्या म्हणून त्याने तगादा लावला आणि १९१४ साली तिथून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी भर सभेत त्याने एक व्यंगचित्र टांगलं. त्यात वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतोय आणि शहरातले मातब्बर डॉक्टर बघताहेत. त्यानंतर गावात त्याला कोण विचारणार! स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात त्याने १९११ ते १९१६ या काळात घरी सोडलेल्या ३३७ पेशंटांचा हिशेब मांडला, त्यात १२३ चुका नोंदवल्या आणि ते स्वतः छापून वाटलं. आपल्या चुका छापून वाटणारा सर्जन आजही सापडायचा नाही. १९४० मध्ये तो गेला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१४ उजाडलं.

कॉडमननंतर बराच काळ वह्या वेगळ्याच राहिल्या. १९७९ मध्ये लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार अमेरिकी हॉस्पिटलांतली १२ प्रकारची ऑपरेशनं तपासली. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया जिथे जास्त होतात, तिथे मृत्यू कमी होतात, असं दिसलं. हात चालता ठेवला तर बसतो, हे आपल्या घरच्या फोनाफोनीतही गृहीत असतंच. पण शिकताना काय मिळालं आणि पुढे पेशंटचं काय झालं, हा थेट धागा जुळायला आणखी तीस वर्षं गेली.

तो जुळला बाळंतपणात. डेव्हिड अ‍ॅश आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क आणि फ्लोरिडातली जवळपास ४९ लाख बाळंतपणं घेतली. ती करणारे ४,१२४ डॉक्टर १०७ रेसिडेन्सींतून शिकलेले होते. गुंतागुंतीच्या प्रमाणानुसार क्रम लावला, तर सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शातल्या रेसिडेन्सींमधून शिकलेल्यांच्या बाळंतिणींत मोठी गुंतागुंत १०.३ टक्के, सगळ्यात खालच्यांत १३.६ टक्के. मला यातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते : परीक्षेतले मार्क हिशेबात धरले तरी फरक फारसा हलला नाही. म्हणजे जिथे शिकलो तिथून आपण काहीतरी बरोबर घेऊन निघतो, आणि ते मार्कशीटवर उमटत नाही. परीक्षांचं मुख्यालय असलेल्या गावाने ही ओळ दोनदा वाचावी.

मग २०१३ साली मिशिगनमध्ये ‘हाताचा गुण’ सरळ मोजलाच. जॉन बर्कमायर यांच्या गटाने लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांकडून प्रत्येकी एका ऑपरेशनचा व्हिडिओ मागवला. नाव झाकून तो इतर सर्जनांना दाखवला, प्रत्येक व्हिडिओला किमान दहा जणांनी गुण दिले. ऊतक हलक्या हाताने धरतो का, विनाकारण हालचाली किती, काम पुढे सरकतं का. तळाच्या पाव हिश्शातल्या सर्जनांच्या पेशंटांत गुंतागुंत १४.५ टक्के निघाली, वरच्या पाव हिश्शात ५.२ टक्के. बघून कळतं, असं ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, जुन्या सिस्टर नेहमी म्हणतात. तेच आकड्यांत आलं.

हा गुण शिकवता येतो का? २००२ मध्ये येलच्या १६ रेसिडेंटांवर छोटा प्रयोग झाला होता. निम्म्यांना दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव संगणकी यंत्रावर दिला. प्रत्यक्ष पित्ताशय सोडवताना ते २९ टक्के वेगवान निघाले, आणि सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती. सुश्रुताचा दुधी बदलून यंत्र आलं, एवढंच. सरावाचे तास किती असावेत, यावर तिकडे मोठं भांडण झालं. २००३ पासून अमेरिकेत रेसिडेंटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. पुढे ११७ सर्जरी रेसिडेन्सींमध्ये तुलना केली, तर पाळ्यांचे नियम सैल ठेवले म्हणून पेशंटांचं जास्त नुकसान झालं नाही, असा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. आपल्याकडच्या रेसिडेंटला ८० तास ऐकून हसू येईल.

पण सगळं सर्जनच्या हातावर टाकणं, ही आपली जुनी खोड आहे. लिंडा एकेन यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांतले २,३२,३४२ शस्त्रक्रियेचे पेशंट तपासले. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे ३० दिवसांत मरण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत हाच आकडा सात टक्के निघाला. आणि प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यताही सात टक्क्यांनी वाढली. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, हे खरं. तरी त्याचा अर्थ लावायला २००९ चा एक अभ्यास मदत करतो. त्यात जास्त मृत्यूंच्या आणि कमी मृत्यूंच्या हॉस्पिटलांत गुंतागुंत जवळपास सारखीच होती. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर पेशंट वाचवण्यात. रात्री दोनला बीपी उतरतंय, लघवी कमी झालीय, हे पहिल्यांदा दिसतं सिस्टरला. तिला त्याचा अर्थ कळला आणि तिने हाउसमनला, म्हणजे ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला, उठवलं, यावर जीव ठरतो.

याच विचाराने अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स यांना एकत्र बसवून शिकवलं. २०१० चा निकाल असा : शिकवलेल्या ७४ ठिकाणी वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी उतरला, न शिकवलेल्या ३४ ठिकाणी सात टक्क्यांनी. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची ओटीतली, सुरक्षेसाठी तपासायच्या १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांत तपासली गेली होती, त्यात दिल्लीही होती. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. आज आपल्या बऱ्याच ओटींत ती यादी भिंतीवर लावलेली दिसते. ती मोठ्याने वाचली जाते का, हे ज्याचं त्याला ठाऊक.

आता आपल्या दारात. २० नोव्हेंबर २०२० च्या राजपत्राने आयुर्वेदातल्या शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा, दात) या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ३९ आणि १९ अशा एकूण ५८ शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण नमूद केलं. ११ डिसेंबरला देशभर अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी ओपीडी बंद ठेवल्या. एका बाजूने सुश्रुताचा वारसा, दुसऱ्या बाजूने ‘मिक्सोपॅथी’, म्हणजे उपचारपद्धतींची भेसळ. आपल्याकडे दोन्ही बाजूंचे बहुतेक पदवीधर म्हसरूळच्याच विद्यापीठाचे! त्या दिवसांत मी ऐकलेल्या एकाही चर्चेत, दोघांनी केलेल्या मूळव्याधीच्या किंवा हर्नियाच्या पेशंटांचं पुढे काय झालं, हे कुणी पुढ्यात ठेवलं नाही. अधिकाराचं भांडण निकालाशिवाय झालं.

अभ्यासक्रम बदलतोय, हे मान्य. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या हॉस्पिटलात काढावे लागतात. सगळ्याची नोंद लॉगबुकात. तारीख, नोंदणी क्रमांक, निदान, ऑपरेशन, मग भूमिकेची खूण : बघितलं तर ‘ओ’, हाताखाली उभा राहिला तर ‘ए’, मदतीने केलं तर ‘पीए’, स्वतः केलं तर ‘पीआय’. शेवटी गाइडची सही, बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम. मी पाहिलेल्या लॉगबुकांत पुढे काय झालं याचा रकाना नव्हता.

आणि असता तरी भरणार कसा? सुरगाण्याची किंवा पेठची बाई नाशिकला ऑपरेशन करून गेली, की टाके जवळच्या ग्रामीण रुग्णालयात निघतात. जखमेतून पाणी यायला लागलं तर तिथेच ड्रेसिंग होतं. भातलावणी सुरू असेल तर तेही नाही. नाशिकच्या केसपेपरवर शेवटची ओळ राहते : ‘डिस्चार्ज, प्रकृती समाधानकारक’.

सर्जरीच्या एका रेसिडेंटने मात्र लॉगबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने रेघा आखल्या होत्या. पेशंटचं नाव नाही, फक्त नोंदणी क्रमांक, ऑपरेशनची तारीख आणि एक मोबाइल नंबर : नवऱ्याचा, भावाचा, एका ठिकाणी गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा. तिसाव्या दिवशी तो फोन करायचा. काही ओळींपुढे ‘ठीक’, दोन ठिकाणी ‘पू, ७ वा दिवस’, एका ठिकाणी नुसती फुली. निम्म्याहून जास्त ओळींपुढे लिहिलं होतं, ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. कॉडमनचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. ती पानं परीक्षकांना दाखवलीस का, असं विचारलं, तर म्हणाला, ‘नाही सर, बाइंडिंगच्या आधी काढून ठेवली.’