शिकवण आणि शिकवणी: वेलांटीचा घोळ

‘सरांच्या शिकवणीमुळेच मी आज इथवर पोचलो.’ निवृत्तीच्या समारंभात हे वाक्य हमखास कानावर पडतं. आता याने सरांचे विचार अंगी बाणवले, की संध्याकाळी सरांच्या घरी गणिताला बसायचा? वाक्यावरून कळायला मार्ग नाही. बोलणाऱ्याचं मात्र काहीच चुकलेलं नाही.

शिकवण म्हणजे कसं वागावं याबद्दल कोणाकडून मिळालेलं, मनात टिकून राहिलेलं काहीतरी. शिकवणी म्हणजे शाळेबाहेर, बहुतेक वेळा पैसे घेऊन, विषय शिकवणं. हा फरक कोणालाही ठाऊक असतो. पंचाईत होते ती प्रत्यय लागल्यावर. भिंत-भिंतीला, तशी शिकवण-शिकवणीला. म्हणजे ‘बुद्धाची शिकवण’ लिहिलं तर सगळं स्वच्छ, पण ‘बुद्धाच्या शिकवणीनुसार’ म्हटलं की शब्द थेट क्लासच्या पाटीवरचा दिसायला लागतो. बुद्ध किंवा तुकोबा असतील तर संदर्भ सांभाळून घेतो. सर असले की तो हात वर करतो, कारण सर दोन्ही देऊ शकतात.

शब्द एकसारखे दिसले तरी त्यांच्या जोडीची क्रियापदं वेगळी आहेत, आणि खरी ओळख तिथेच पटते. शिकवणी लावतात, लागते, बुडवतात, परवडत नाही म्हणून सोडतात. शिकवण मिळते, अंगी बाणते, विसरली जाते. ती कोणी बुडवत नाही. ‘घेणे’ हे क्रियापद तर मजेशीर आहे. शिकवण घेतो तो शिष्य, पण शिकवणी घेतात त्या बाई! मुलगा शिकवणी ‘लावतो’. कॉलेजातली मुलगी ‘मी शिकवण्या घेते’ म्हणाली, तर ती स्वतः शिकवून खर्च भागवते असंच आपण समजतो. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यातलं २८वं कलम शिक्षकांना बंदी करतं ती खासगी शिकवणीची. शिकवण द्यायला कोणाची आडकाठी असणार?

शिकवणीला वेळ, विषय आणि फी लागते. हा व्यवहार ‘शिकवण’ या शब्दाला चिकटत नाही, हे गाडगेबाबांकडे पाहिलं की पटतं. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारून बोलतं करायचं, ही त्यांची रीत. स्वच्छतेची शिकवण अर्धी तर झाडण्यातच दिली गेली. मात्र शिकवण नेहमी थोरामोठ्यांचीच असते असंही नाही. ‘हीच का घरची शिकवण?’ हे वाक्य कौतुकाने कोणी म्हणत नाही.

बोलण्यात आता शिकवणीची जागा ‘क्लास’ने आणि ‘ट्यूशन’ने बरीचशी घेतली आहे, त्यामुळे घोळ थोडा कमी झालाय. लिहिताना मात्र मी ‘शिकवणूक’ वापरतो: ‘सरांच्या शिकवणुकीमुळे’. शब्द जरा जड आहे, भाषणी वाटतो, पण फीचा संशय तरी येत नाही. (मूळ रूपात णू दीर्घ, प्रत्यय लागला की णु ऱ्हस्व.)

अनेकवचनाकडेही लक्ष असू द्या. शिकवणीचं अनेकवचन शिकवण्या, आणि ‘शिकवणं’ या कृतीला प्रत्यय लागला की तेही शिकवण्या-च होतं. ‘बाईंना शिकवण्याचा कंटाळा आलाय’ म्हणजे त्यांना हा पेशाच नकोसा झालाय. ‘शिकवण्यांचा कंटाळा आलाय’ म्हणजे शाळेत अजून हौसेने शिकवतील, फक्त संध्याकाळी दारात चपलांचा ढीग नको. एवढा सगळा फरक एका अनुस्वारावर आहे, आणि टाइप करताना नेमका तोच राहतो.