स्वयंसेवक आणि संपफोड्या

मे १९२६ मधल्या ब्रिटनच्या सार्वत्रिक संपाबद्दल वाचताना हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. संपावरच्या कामगाराला दोघे सारखेच, कारण दोघेही त्याच्या जागेवर उभे राहिले. तरी मला ते वेगळे ठेवावेसे वाटतात.

मजुरी कमी, तास जास्त, अशी खाणमालकांची अट होती. ती न मानणाऱ्या सुमारे दहा लाख खाणकामगारांवर १ मेपासून टाळेबंदी लादली गेली. त्यांना साथ म्हणून ४ मे रोजी रेल्वे, ट्राम, बस, गोदी, छापखाने थांबले. संप नऊ दिवस चालला.

स्वयंसेवकांची नावनोंदणी मात्र सप्टेंबर १९२५ पासूनच चालू होती. ती करणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष होते लॉर्ड हार्डिंग, म्हणजे १९१२ मध्ये दिल्लीत ज्यांच्यावर बॉम्ब पडला तेच आपले माजी व्हाइसरॉय. संप सुरू होताच या याद्या सरकारच्या हाती गेल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, निवृत्त लष्करी अधिकारी, लंडनच्या कचेऱ्यांतले बाबू बस चालवायला आले. हाइड पार्क बंद करून तिथे दुधाचं कोठार केलं गेलं. पुढे भारतात आलेल्या एडविना माउंटबॅटन एका वृत्तपत्राच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. सगळेच काही सरदार घराण्यातले नव्हते. मध्यमवर्गीयही पुष्कळ होते. पण त्या दिवसांचा रंग ठरला तो श्रीमंत पोरांच्या हौसेने. लहानपणापासून इंजिन चालवायची इच्छा, ती आता देशसेवा म्हणून पुरी होत होती.

आणि इंजिन चालवणं हौसेचं काम नाही. आधी इंजिनं पुसायची, मग कोळसा टाकायचा, अशी वर्षं काढल्यावर माणूस ड्रायव्हर होई. १० मे रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या क्रॅमलिंग्टनजवळ खाणकामगारांनी रूळ उखडला आणि स्वयंसेवक चालवत असलेली गाडी घसरली. कोणी दगावलं नाही, हे नशीब. आठ खाणकामगार तुरुंगात गेले.

सगळे विद्यार्थी सरकारच्या बाजूने होते असंही नाही. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले ह्यू गेट्सकेल तेव्हा ऑक्सफर्डला होते आणि ते संपकऱ्यांसाठी मोटार चालवत होते.

आता संपफोड्या. त्याला तिकडे ब्लॅकलेग म्हणतात. तो बहुधा त्याच धंद्यातला, त्याच वस्तीतला. १२ मे रोजी सार्वत्रिक संप मागे घेतला गेला, विद्यार्थी कॉलेजात परतले. खाणकामगार मात्र उन्हाळाभर बाहेरच राहिले. घरात दाणा नाही, म्हणून नॉटिंगहॅमशायरमध्ये हळूहळू माणसं खाणीत उतरू लागली. तिथल्या खाणकामगारांचे पुढारी जॉर्ज स्पेन्सर यांनी त्यांची वेगळी संघटना काढून मालकांशी समझोता केला. नोव्हेंबर संपेपर्यंत बाकीचेही हरून, कमी मजुरीवर आणि जास्त तासांवर परतले.

स्वयंसेवकाला काम नको होतं. त्याला ते नऊ दिवस पुरलं. संपफोड्याला काम हवंच होतं आणि त्यासाठी त्याने शेजाऱ्याचा विश्वास मोडला. विश्वासघात म्हणायचा तर तो संपफोड्याचा, पण मला राग येतो तो स्वयंसेवकाचा. मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटलं की मान आपोआप मिळतो. १९२६ च्या त्या पोरांबद्दल हा शब्द वापरताना माझा हात अडतो. त्यांच्यातले बरेचजण मनापासून आले होते, हे माहीत असूनही अडतो.