फ्रिक्शन स्टर वेल्डिंग : उष्णता व धातुप्रवाहाचे संगणकीय प्रतिमान

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळत नाही. खांदा (पत्र्यावर घासणारा रुंद भाग) आणि पिन (त्यातून पुढे आलेली, धातूत शिरणारी खुंटी) असलेले फिरते टूल दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे सरकवतात. मऊ झालेला धातू पिनभोवती ढवळला जातो आणि मागे जोड तयार होतो. ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये शोधली गेली. ती प्रामुख्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी वापरतात. खांद्याखाली काय चालते ते बाहेरून दिसत नसल्याने संगणकीय प्रतिमानांची गरज पडते.

सर्वांत साध्या प्रतिमानात टूलऐवजी केवळ सरकता उष्णतास्रोत धरतात. दाब व घर्षणांक सर्वत्र सारखे मानले, तर सपाट खांद्याखाली दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच दाबाला आणि वेगाला त्रिज्या दुप्पट केली की उष्णता आठपट. प्रत्यक्षात मात्र धातू तापला की मऊ पडतो, मऊ पडला की कमी उष्णता देतो. त्यामुळे तापमान सहसा वितळण्याच्या सीमेखालीच राहते. हा परस्परसंबंध धरायचा, तर उष्णता आणि प्रवाह यांची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात.

द्रवगतिकीच्या पद्धतीत धातूला अतिशय घट्ट द्रव मानतात. त्याची श्यानता, म्हणजे घट्टपणा, तापमान व विकृतीच्या दरानुसार (आकार किती झपाट्याने बदलतो त्यानुसार) बदलते. हिशेबासाठी जागेचे लहान घटकांत तुकडे पाडणारी जाळी स्थिर असते, धातू तिच्यातून वाहतो. हिशेब त्यामानाने स्वस्त पडतो, पण सगळी जागा धातूने भरलेलीच धरल्याने पोकळीसारखा दोष थेट दिसत नाही. धातूबरोबर सरकणारी जाळी पिनजवळ पार वेडीवाकडी होते. म्हणून अंशतः रिकामे घटक चालवून घेणाऱ्या संयुक्त पद्धती किंवा जाळीच नसलेल्या कणपद्धती वापरतात. त्यांना संगणकाचा वेळ बराच लागतो.

खरी अडचण स्पर्शपृष्ठाची आहे. धातू टूलला चिकटून फिरतो, घसरतो की थोडे दोन्ही, हे आधी ठाऊक नसते. घर्षणांक मोजमापाशी जुळेपर्यंत बदलून तापमानाचा आलेख बरोबर आणता येतो, पण तेवढ्याने प्रवाहही बरोबर आला असे म्हणता येत नाही. टूलवरील मोजलेल्या पिळाच्या आघूर्णावरून (टॉर्कवरून) उष्णता भरली, तर आकडे आणखी चांगले जुळतात. मात्र आधी मोजमाप लागत असल्याने ते भाकीत नव्हे. शिवाय खालच्या आधारपट्टीत किती उष्णता मुरते हेही अंदाजानेच भरावे लागते.

ढवळल्या जाणाऱ्या भागात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) टिकत नाही, म्हणून तपासणी त्याच्या शेजारच्या तापमानांवर होते. प्रवाहासाठी सांध्यात वेगळ्या धातूच्या पट्ट्या किंवा बारीक पोलादी गोळ्या ठेवतात आणि त्या कुठे सरकल्या ते जोड कापून किंवा क्ष-किरणांनी पाहतात.