हृदयाचा ठोका आणि श्वास: दोन्ही आपोआप, पण कारणं वेगळी

आपण झोपलो तरी जे थांबत नाही, त्यात हृदयाचे ठोके आणि श्वास यांची नावं कायम जोडीनं घेतली जातात. दोघांनाही ‘अनैच्छिक क्रिया’ म्हणून एकाच रांगेत बसवायचं आणि ‘हे सगळं मेंदू चालवतो’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपली सवय. श्वासाच्या बाबतीत हे वाक्य तंतोतंत खरं आहे. हृदयाच्या बाबतीत जेमतेम अर्धं.

हृदयाचा ठोका हृदयातच जन्मतो. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीत काही खास पेशींचा पुंजका असतो, त्याचं नाव सायनस नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. या पेशी कुणाच्या हुकमाची वाट न बघता ठरावीक काळानं विद्युत स्पंदन सोडतात. प्रत्यारोपणात हृदयाला मेंदूशी जोडणाऱ्या नसा (म्हणजे चेता, रक्तवाहिन्या नव्हेत) तुटतात, तरी नव्या छातीत ते धडधडत राहतं. उलट विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके पडतात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. कारण मेंदूतून येणारी व्हेगस नस एरवी त्याला आवरून धरत असते, तो लगामच सुटलेला असतो.

हा लगाम काम कसा करतो, ते ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, ठोके मंदावले. मग त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. याचा अर्थ, नस रसायन सोडते. ते निघालं असिटिलकोलीन, आणि लोवींना १९३६ चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

आता श्वास. इथे काम करणारं श्वासपटल हे हातापायांच्या स्नायूंच्या जातीचं आहे. त्याला स्वतःची लय नाही; मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक नसेतून संदेश आला नाही, तर ते ढिम्म हलत नाही. म्हणून काटेकोर बोलायचं तर श्वसनाचे स्नायू स्वायत्त मज्जासंस्थेच्या (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या अवयवांना सांभाळणाऱ्या चेतांच्या जाळ्याच्या) हाताखाली येतच नाहीत. मग लय येते कुठून? जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या मस्तिष्कस्तंभाचे (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागाचे) काप करत करत ती जागा गाठली. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं, की मेड्युलाचा, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाचा, एक पातळ काप बशीत ठेवला तरी जिभेच्या नसेत श्वासासारखी लय उमटत राहते. त्या कापात चेतापेशींचा जो छोटा गट होता, तो प्री-बॉटझिंगर कॉम्प्लेक्स. (हे नाव एका जर्मन वाइनवरून आलंय. शास्त्रज्ञांच्या जेवणावळी वाया जात नाहीत.)

यातली गंमत अशी, की जो हृदयाचा ठोका मेंदूवाचूनही चालतो, त्याला आपण थेट ‘थांब’ म्हणू शकत नाही. जो श्वास मेंदूवाचून एक क्षणही चालत नाही, तो मात्र रोखता येतो, लांबवता येतो, गाण्यात वापरता येतो. स्नायू ऐच्छिक असल्यानं मोठ्या मेंदूचीही त्यांच्यापर्यंत स्वतंत्र वाट आहे. अर्थात रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला, की मस्तिष्कस्तंभ आपला हट्ट मोडून काढतोच.

‘मी श्वासानं ठोके कमी केले’ असं म्हणणाऱ्यांचं खोटं नसतं, पण तो आडमार्ग आहे. श्वास आत घेताना व्हेगसची पकड ढिली होते आणि नाडी किंचित वाढते. सोडताना पकड परत घट्ट होते.

मेंदूमृत्यूच्या वेळी ही दोन यंत्रं उघड वेगळी दिसतात. व्हेंटिलेटरवर रुग्णाची छाती हलते, नाडी लागते, अंग गरम असतं, आणि नातेवाइकांना काही केल्या पटत नाही. त्यांचं चुकतं असंही नाही. ठोका खरोखर हृदयाचाच असतो. म्हणून डॉक्टर तपासतात श्वास: व्हेंटिलेटर बाजूला ठेवून, ऑक्सिजन देत राहून, कार्बन डायऑक्साइड भरपूर वाढल्यावरही छाती स्वतःहून हलते का ते पाहतात.

मॉर्फिन किंवा फेंटानिलसारख्या औषधाचा डोस जास्त झाला, तर तेही आधी मस्तिष्कस्तंभातली श्वासाची लय मंद करतं. हृदय चालूच असतं. ते थांबतं मागाहून, ऑक्सिजन संपल्यावर. अशा माणसाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त होऊ नये, छातीकडे बघावं. या औषधांवरचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन दिल्यावर श्वास परत येतो, पण त्याचा असर लवकर ओसरतो, तेव्हा नजर त्यानंतरही छातीवरच हवी.